माझ्या भावाचं अनुमोदन

अमेरिका नवी नवी स्वतंत्र झाली तेव्हा तिथल्या राज्यांच्या विधानसभा आपला सभापती कसा निवडत, हे मला कतारमधल्या दोहा शहरात, भेंडी चिरताना कळलं. सांगणारी माझी मुलगी. ती अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत आठवीला होती आणि त्या दिवशी घरी आली तीच दप्तर सोफ्यावर फेकून. डोळे लाल झालेले. मला वाटलं, कुणाशी तरी भांडून आली. मी मराठीत विचारलं आणि तिनं इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. आमच्याकडे हे असंच चालतं.

झालं होतं ते असं. बाईंनी इतिहासाच्या तासाला वर्गाचीच एक जुनी विधानसभा केली होती. प्रत्येक मूल एकेका परगण्याचं प्रतिनिधी. हिच्या वाट्याला डोंगराकडचा गरीब परगणा आला होता आणि त्या परगण्याला नदीवर पूल हवा होता. त्या पुलासाठी हिनं भाषण लिहिलं होतं, पाठ केलं होतं, आम्हाला जेवताना ऐकवून ऐकवून जीव नकोसा केला होता. सभा भरली, पहिलं काम सभापती निवडण्याचं. आणि ज्यांना पूल नको होता, त्या किनाऱ्याकडच्या श्रीमंत परगण्यांच्या मुलांनी उठून हिचंच नाव सुचवलं. टाळ्या पडल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे हिनं आधी 'मी या मानाला पात्र नाही' असे आढेवेढे घेतले, मग दोघांनी हात धरून हिला खुर्चीपर्यंत नेलं. ही हवेत. मग बाईंनी नियम वाचला की सभापतीनं वादात बोलायचं नाही आणि मतं सारखी पडली तरच मत द्यायचं. भाषण तिच्या हातातच राहिलं आणि पूल नामंजूर झाला.

बाई म्हणाल्या होत्या, त्या काळीही असं होत असणार. दोन्ही बाजू तोडीस तोड असल्या की विरोधातल्या एखाद्या भल्या माणसाला मानानं खुर्चीत बसवायचं आणि त्याचं तोंड बंद करायचं. मी खूप हसले. म्हटलं, अगं, याला आमच्याकडे हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात, त्यासाठी अमेरिकेला कशाला जायला हवं. ती आणखीच चिडली. रात्री तिच्या बाबांनी मात्र ते भाषण उभं राहून पुन्हा म्हणायला लावलं आणि शेवटी पूल मंजूर केला.

ते दिवस फुटबॉलच्या विश्वचषकाच्या तयारीचे होते. सगळं कतार खोदून ठेवलेलं. कालचा रस्ता आज तिथे नसायचा, शाळेची बस रोज नव्या वाटेनं यायची. हे वेस्ट बेमधल्या एका ऑफिसात इंजिनिअर होते आणि माझा धाकटा भाऊ एका स्टेडियमवर शटरिंगचा सुतार. दोघं एकाच शहरासाठी राबत होते, पण एक जण काचेच्या आत आणि दुसरा उन्हात. भाऊ बिरकत अल अवामेरला कंपनीच्या कॅम्पात राहायचा, एका खोलीत बरेच जण. गावी नाशिककडे त्याची बायको होती, दोन मुलं होती, आमची आई होती. तरी कतारमध्ये तो 'बॅचलर'. आखातात हा शब्द असाच वापरतात. ज्याच्याजवळ कुटुंब नाही तो बॅचलर, मग तो नातवंडांचा आजोबा का असेना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भांडायला उठले होते, नंतर माझ्याही तोंडी तो शब्द बसला.

आमचं एक मराठी मंडळ होतं. त्यात पुण्या-मुंबई-नाशिकची कुटुंबं होती आणि सुरुवातीपासून हे बॅचलरही होते. ड्रायव्हर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, सुतार. कुटुंबाला एक कार्ड, एक मत. बॅचलरलाही एक कार्ड, एक मत. भावाचं ते कार्ड कायम खिशात असायचं. बाकी सगळीकडे तो कुणाचा तरी माणूस होता, कंपनीचा, ठेकेदाराचा, माझ्या घरी आला तर माझा. खुर्चीच्या कडेवर बसायचा, पाणीसुद्धा मागून घ्यायचा नाही. मंडळात तसं नव्हतं. तिथे तो स्वतःच्या नावावर यायचा आणि पहिल्या पंगतीला बसायचा.

मंडळाची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भाऊबीज. हॉलमध्ये पाट मांडायचे, बॅचलर मंडळी आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून ओळीनं बसायची, आणि आम्ही बायका त्यांना ओवाळायचो. कुणाची बहीण लातूरला, कुणाची चिपळूणला. माझा भाऊ माझ्यासमोर बसायचा आणि त्याचे खोलीवाले त्याच्या शेजारी. ओवाळताना एखादा दाढीवाला गडी खाली मान घालून डोळे पुसायचा, आणि मला पुढच्याच्या कपाळावरचं कुंकू नीट दिसायचं नाही. वर्षभर मी त्या एका सकाळची वाट पाहायचे.

आणि त्यावरच ठराव आला. मंडळात माणसं वाढली होती, हॉल तोच होता. काही नव्या कुटुंबांना हे आवडत नव्हतं. अनोळखी पुरुषांना आमच्या बायकांनी का ओवाळायचं, असं एक गृहस्थ म्हणाले. ते तेल कंपनीत मोठे अधिकारी होते, बोलणं अगदी लोण्यासारखं. ठराव त्यांचाच होता: सभासद फक्त कुटुंबं. बॅचलरनी यावं, अवश्य यावं, पण एखाद्या कुटुंबाचा पाहुणा म्हणून, आणि एका कुटुंबामागे एक.

मी चवताळले. घरोघरी फोन केले. कुटुंबं जवळपास निम्मी निम्मी विभागली होती. बॅचलर सगळे आले असते तर प्रश्नच नव्हता, पण स्टेडियमची मुदत जवळ येत होती आणि सुट्टीच्या शुक्रवारीसुद्धा त्यांना ड्यूटी लागत होती. आमच्या घराचं कार्ड यांच्या नावावर, म्हणजे मत यांचं. हे पुण्याचे, नियमात वागणारे, भांडण टाळणारे. पण या वेळी मला फार बोलावं लागलं नाही. हे स्वतःच म्हणाले, मी मत देईनच, पण उभा राहून बोलेनही. यांचं लोक ऐकायचे. हे फार बोलत नसत म्हणूनही असेल.

सभा शुक्रवारी दुपारी. भाऊ त्याच्या खोलीतल्या चौघा-पाचांना घेऊन आला. बाकीचे कामावर. ते सगळ्यात मागच्या रांगेत बसले. आम्ही तिघं पुढे, यांच्या खिशात मुद्द्यांचा कागद. मंडळाचे अध्यक्ष सुट्टीवर भारतात गेले होते, म्हणून पहिलं काम निघालं ते त्या सभेपुरता अध्यक्ष निवडण्याचं. तेल कंपनीचे गृहस्थ उठले. म्हणाले, विषय नाजूक आहे, खुर्चीत असा माणूस हवा ज्याच्या सचोटीवर कुणी बोट ठेवणार नाही, आणि असं एकच नाव डोळ्यासमोर येतं. त्यांनी यांचं नाव घेतलं. लगेच टाळ्या. आपल्या लोकांत अशा वेळी दुसरं नाव कुणी घेत नाही. बिनविरोध झालं तरच मान, एक हात विरोधात वर गेला तरी त्या माणसाचा अपमान समजतात.

सेक्रेटरींनी विचारलं, अनुमोदन कोण देतंय?

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझा भाऊ उभा राहिला होता. इतक्या वर्षांत तो एकाही सभेत बोलला नव्हता, हात वर करण्यापलीकडे त्यानं काही केलं नव्हतं. त्यानं शर्ट खाली ओढला आणि गावच्या ग्रामसभेत बोलतात तसं, मोकळ्या आवाजात म्हणाला, "माझं अनुमोदन आहे." त्याच्या शेजारच्यांनी सगळ्या हॉलपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या.

यांनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. मग 'अहो, मी कशाला, माझ्यापेक्षा ज्येष्ठ इथे आहेत' असं रीतीप्रमाणे म्हणाले. दोघं जण आले, हात धरून यांना वर घेऊन गेले. मला अभिमानच वाटला होता, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात मुलीनं माझं मनगट घट्ट धरलं. ती हळूच म्हणाली, की आई, आता बाबांना बोलता येणार नाही. मतही नाही. मी तिला म्हटलं, गप गं, ही काय तुझी अमेरिका आहे? पण बोलता बोलताच मी वर, यांच्या खिशातल्या कागदाकडे पाहिलं.

मंडळाची घटना कुणीतरी फार पूर्वी कुठल्या तरी नियमांच्या पुस्तकावरून बसवली होती. तेल कंपनीच्या गृहस्थांनी ती हातातच आणली होती. त्यांनी अगदी आदरानं अध्यक्षांच्या लक्षात आणून दिलं, की अध्यक्षांनी चर्चेत भाग घेऊ नये आणि मतं समसमान झाली तरच मत द्यावं. हे 'बरोबर आहे' म्हणाले. खिशाकडे गेलेला हात तसाच मागे आला. तेव्हा मला यांचा चेहरा दिसला, आणि यांनाही कळलंय हे मला कळलं.

चर्चा सुरू झाली. ठरावाच्या बाजूनं बरेच बोलले, सगळे तयारीचे. विरुद्ध बाजूनं एक-दोघी जणी बोलल्या, पण त्यांना वाटत होतं की हे बोलणार आहेत, म्हणून त्यांनी थोडक्यात आटोपलं होतं. मी सभासद नव्हते, कार्ड यांच्या नावावर. मी हात वर केला तर सेक्रेटरी म्हणाले, वहिनी, एका कुटुंबातून एकच. तरी मी उभी राहिले. हे वरून म्हणाले, "बसून घ्या." मला. सगळ्यांसमोर, अहो-जाहो करत. मी बसले, कारण पुढे काय बोलले असते ते त्या हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं.

मग भाऊ उठला. त्याला भाषण येत नाही. त्यानं सुरुवात केली ती त्याच्या खोलीतल्या एका लातूरच्या माणसापासून, त्याच्या बहिणीचं लग्न कसं झालं, तो कसा जाऊ शकला नाही, मग मंडळात त्याला पहिल्यांदा कुणी ओवाळलं. गोष्ट लांबत होती पण हॉल ऐकायला लागला होता. मी माणसांची तोंडं बघत होते, एक-दोघांची बदलत होती. तेवढ्यात सेक्रेटरींनी घड्याळाकडे बोट दाखवलं. वेळ सगळ्यांना सारखा ठरला होता. हे थोडं थांबले. सेक्रेटरींनी पुन्हा दाखवलं. मग यांनी खालच्या आवाजात सांगितलं, की वेळ संपला, कृपया आटोपतं घ्यावं.

दुसरा कुणी खुर्चीत असता तर माझा भाऊ ऐकला नसता. त्याला मी ओळखते. ठेकेदाराशी हुज्जत घालणारा माणूस तो. पण खुर्चीत बहिणीचा नवरा बसला होता. आमच्याकडे दाजींना चारचौघांत उलटून बोलत नाहीत. तो वाक्य अर्धं सोडून "बरं" म्हणाला आणि खाली बसला. लातूरच्या माणसाची गोष्ट तशीच राहिली.

हात वर झाले. एकदा मोजले, पुन्हा मोजले. ठराव एका मतानं मंजूर झाला. हे खाली बसलेले असते तर यांच्या मतानं बरोबरी होऊन तो बारगळला असता, हे हॉलमध्ये सगळ्यांना कळत होतं, आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. निकाल यांनाच जाहीर करायचा होता. यांनी तो स्पष्ट आवाजात केला. मी तेव्हा यांचा इतका राग केला की तसा आयुष्यात कुणाचा केला नसेल.

गाडीत मी सगळं बाहेर काढलं. खुर्चीतून उठता आलं नसतं का? 'मला नको' म्हणता आलं नसतं का? मान हवा होता ना, घ्या मान. हे सिग्नलला गाडी थांबवून बसले होते. म्हणाले, एकदा बसल्यावर मधेच बाजू घ्यायला उठलो असतो तर ते बरोबर नव्हतं. मी म्हटलं, आणि बसायच्या आधी?

"तुझा भाऊ अनुमोदनाला उभा राहिला होता," हे म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा. त्याला सगळ्यांसमोर नाही कसं म्हणू?"

मागच्या सीटवर मुलगी खिडकीला डोकं टेकून रडत होती. कोणावर ओरडायचं हेच कळेना. लबाडी करणारे सोडून त्या दुपारी प्रत्येक जण दुसऱ्याचा मान राखत होता, आणि त्यातच सगळं गेलं होतं. मला माणसं वाईट निघाली तर सोसतं. भली माणसं अशी तोंडावर पडलेली बघवत नाहीत.

त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही घरात चहा, भाजी, मुलीची फी एवढंच बोललो. दिवाळी आली. मंडळाकडून आमच्या कुटुंबाचा पाहुणा म्हणून एक पास आला. मी तो घेऊन, ताट सजवून, यांच्याशी न बोलता शेजारणीच्या गाडीनं बिरकत अल अवामेरला गेले. कॅम्पात बायकांना आत जाता येत नाही. भाऊ गेटबाहेर आला. त्याच्या खोलीतल्या सगळ्यांपुरत्या सुपाऱ्या, करंज्या मी नेल्या होत्या. विचारलं, बाकीचे कुठे? म्हणाला, आत आहेत, पण त्यांना आता लाज वाटते.

मी पास पुढे केला. त्यानं तो घेतला नाही.

"ताई, तुझ्या घरी पाहुणा म्हणून शंभरदा येईन. तिथं नको."

मग गाडीच्या आडोशाला मी त्याला उभ्यानंच ओवाळायला घेतलं. वारा होता, धूळ होती, निरांजन लागतच नव्हतं. गेटवरचा पहारेकरी लांबून बघत होता, त्यानं शेवटी हातानं खूण केली, यल्ला, आटपा. मी न पेटलेल्या निरांजनानंच ओवाळलं. कुंकू लावताना मी त्याला विचारलं, जे मला इतके दिवस विचारायचं होतं. तू अनुमोदन का दिलंस?

तो ओशाळून हसला. म्हणाला, "मला वाटलं, आपला माणूस खुर्चीत बसला म्हंजे आपलं काम झालं. गावाकडं तसंच राहतं ना, ताई."

खरंच तसंच असतं. आमच्या गावात सरपंच आपल्या आळीचा झाला की नळ आपल्या आळीत येतो, इतका साधा हिशोब. खुर्चीत बसला की माणसाला तोंड उघडता येत नाही, असला प्रकार त्यानं कुठे पाहिला असणार? माझ्या मुलीला तो शाळेत शिकवला होता. त्याला कुणी सांगितला नव्हता. मीही नाही सांगितला. मला तरी कुठे तो खरा वाटला होता? मी त्याला उगी उगी म्हणायच्या ऐवजी तोच मला म्हणत होता.

जाताना त्यानं एकच मागितलं. आईला यातलं काही सांगू नको. दाजी वर बसले त्याच क्षणी त्यानं फोटो काढून आईला पाठवला होता, आणि खाली लिहिलं होतं की दाजी अध्यक्ष झाले, आता आमच्या सगळ्या पोरांचं काम झालंच समज.

स्टेडियम उभं राहिलं आणि पहिला सामना व्हायच्या आधीच भावाचं काम संपलं. खलास, एवढंच त्याच्या फोरमननं म्हटलं. तो गावी परतला. सामने आम्ही टीव्हीवर पाहिले. कॅमेरा छतावरून फिरायचा तेव्हा हे रिमोट खाली ठेवून उठून जायचे.

पुढच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो. ओटीवर भिंतीला तो फोटो होता, मोठा करून, काचेत बसवलेला. यांच्या मागे मंडळाचा फलक, समोर टेबलावर पाण्याचा ग्लास, आणि यांच्या चेहऱ्यावर ते थोडं संकोचलेलं हसू. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत होती. जेवायला बसलो तेव्हा शेजारचे दोघं-तिघं यांना बघायला म्हणून आले होते. आई त्यांना सांगत होती, की आमचे जावईबापू तिकडच्या मोठ्या सभेचे अध्यक्ष होते, आपल्या गोरगरीब पोरांना तिथून काढणार होते, यांनी काढू दिलं नाही. मी ताटातल्या वरणाकडे बघत राहिले. मुलगी माझ्याकडे बघत होती.

शेजाऱ्यांपैकी एकानं भावाला विचारलं, खरं का रे?

भाऊ वाढत होता. त्यानं मान वर केली नाही. "खरं ना," तो म्हणाला. "दाजी होते म्हणून झालं."

यांचा घास हातातच राहिला. आई आग्रहानं यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढत होती, वर तूप सोडत होती, आणि हे नको म्हणत नव्हते.